लिंकमागचे कमिशन: उतारवयातील जोडकमाईचा हिशेब

अॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे दुसऱ्याच्या मालाची शिफारस करायची आणि विक्री झाली तरच कमिशन घ्यायचे. माल कंपनीचा, दुकान तिचे, घरपोच देण्याची जबाबदारीही तिचीच. शिफारस करणाऱ्याकडे असते ती फक्त त्याच्या नावाची लिंक. तिच्यावरून कोणी दुकानात शिरले आणि खरेदी केली, की किमतीचा ठरावीक टक्का त्याच्या खात्यावर नोंदला जातो. महाराष्ट्रातील घरांना हा व्यवहार अगदीच परका नाही. विम्याचे एजंट आणि पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते दारोदार जाऊन गोळा करणाऱ्या महिला प्रतिनिधी वर्षानुवर्षे कमिशनवरच काम करत आल्या आहेत. मात्र विमा विकायला परवाना लागतो, तवा किंवा पुस्तक सुचवायला लागत नाही.

संगीताच्या सीडी विकणाऱ्या सीडीनाऊ या अमेरिकी दुकानाने १९९४ मध्ये असा कार्यक्रम चालवला होता. अॅमेझॉनने जुलै १९९६ मध्ये पुस्तकांसाठी तो सुरू केला आणि ही पद्धत जगभर रुजली. भारतातही अॅमेझॉनचा असा कार्यक्रम आहे. त्यात नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

ही लिंक दिसायला साधी असते. वस्तूच्या पानाचा लांबलचक पत्ता आणि त्याच्या शेपटाला ‘टॅग’ हा शब्द व सदस्याचे सांकेतिक नाव. अॅमेझॉनच्या भारतीय दुकानात या नावाचा शेवट सहसा २१ या आकड्याने होतो. लिंक पुढे पाठवताना कोणी हे शेपूट छाटले, तर वस्तू विकली जाते आणि कमिशन मात्र बुडते. क्लिक केल्यावर ग्राहकाच्या फोनमध्ये कुकी नावाची बारीकशी नोंद राहते आणि खरेदी कोणामुळे झाली हे तिच्यावरून ठरते. अॅमेझॉनकडे ही मुदत २४ तासांची आहे. तेवढ्यात वस्तू निदान कार्टमध्ये पडली पाहिजे. ‘बघू, पगार झाल्यावर घेऊ’ म्हणणारा ग्राहक आठवड्याने थेट दुकानात गेला, तर शिफारस करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

कमाईचा अंदाज बांधताना याचा विसर पडू नये. टक्केवारी वस्तूगणिक बदलते. १,२०० रुपयांचा बिडाचा तवा आणि ५ टक्के दर धरला, तर एका तव्यामागे ६० रुपये सुटतात. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना महिना १,५०० रुपये मिळतात. तेवढी रक्कम अशा कमिशनमधून उभी करायची, तर महिन्याला २५ तवे विकले जायला हवेत. क्लिक करणाऱ्या शंभरांतले दोघे खरेदी करतील असे मानले, तर लिंक १,२५० वेळा उघडली गेली पाहिजे. त्यातले चार तवे परत आले, की त्यांचे कमिशन वजा. उरलेले पैसेही लगेच येत नाहीत. अॅमेझॉन महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी पैसे देते. शिवाय नाव नोंदवल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने अमेरिकेत फर्निचरवरचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. सदस्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. ती तुटपुंजी खरीच, पण ठरल्या तारखेला येते. किराणा, औषधे किंवा घरभाडे या कमिशनच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे. मोबाइलचे रिचार्ज किंवा नातवंडांचा खाऊ त्यातून निघाला, तरी पुष्कळ झाले.

तरीही ज्येष्ठांकडे या धंद्याचे खरे भांडवल असते: अनुभव, सवड आणि लोकांचा विश्वास. घरी रक्तदाब मोजायचे यंत्र हे त्याचे चांगले उदाहरण. कंपनीच्या पानावर गुणांची जंत्री असते, पण घेणाऱ्याचे प्रश्न वेगळेच असतात. पडद्यावरचे आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात का? दंडाचा पट्टा एका हाताने बांधता येतो का? जाड दंडाला तो पुरतो का? सेल सहज मिळतात का? मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडावरचे यंत्र अधिक भरवशाचे मानले जाते, हे तरी कोणी सांगते का? रोज सकाळी ते यंत्र वापरणारी सत्तरीतली व्यक्ती हे चार ओळींत सांगू शकते आणि अशा चार ओळी वाचूनच माणूस खरेदी करतो. शिवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा, न्हाणीघरातली निसरडी न होणारी चटई, मोठ्या अक्षरांतली पोथी यांचेही तसेच आहे. न वापरलेल्या वस्तूची तारीफ मात्र लगेच ओळखू येते. औषधे आणि ‘हमखास गुण’ देणाऱ्या काढ्यांपासून दूर राहिलेले बरे.

सांगण्याची जागा फुकट मिळते: यूट्यूब, फेसबुकचे पान किंवा स्वतःचा ब्लॉग. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे चॅनेल घराघरांत पोचले, त्यात स्वयंपाक आजीचा आणि तांत्रिक बाजू नातवाची होती. ही वाटणी बहुतेक घरांत जमण्यासारखी आहे. पासवर्ड आणि बँकेचे खाते तेवढे ज्याचे त्याच्याकडे असावे.

नियमही पाळावे लागतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार शिफारशीमागे आर्थिक लाभ असेल, तर तो ठळकपणे सांगावा लागतो. ‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते’ एवढे साधे मराठी वाक्य सुरुवातीलाच टाकावे. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी अॅमेझॉन धरत नाही, नातेवाइकांचीही नाही. सुनेला लिंक पाठवून घरातले सामान मागवण्याची युक्ती अनेकांना पहिल्याच दिवशी सुचते आणि खाते बंद पडायला तेवढे कारण पुरते.

या नावाखाली फसवणूकही भरपूर चालते. खऱ्या कार्यक्रमात पैसा कंपनीकडून सदस्याकडे येतो, उलट कधीच जात नाही. नोंदणी शुल्क, ‘स्टार्टर किट’, आणखी चार माणसे जोडली की बोनस, असे कानावर आले, तर ती चेन मार्केटिंगची साखळी समजावी. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना आणि प्रवेश शुल्काला बंदी घातली आहे. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवरचा प्रकार आणखी चलाख. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला तारे द्या, असे काम देऊन सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखरच पाठवतात. मग मोठ्या ‘टास्क’साठी आधी पाच हजार भरायला सांगतात, आणि ते सोडवण्यासाठी पुन्हा पंधरा हजार. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम थोपवता येण्याची शक्यता कमी. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ ही आहे, पण सायबर फसवणुकीत आधी १९३०.

मिळालेले कमिशन प्राप्तिकराच्या हिशेबात दाखवावे लागते. एका कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक कमिशन मिळाले, तर २ टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नसेल तर हा दर २० टक्के होतो. बँकेच्या व्याजावरची कपात टाळण्यासाठी ज्येष्ठ मंडळी दरवर्षी १५एच अर्ज भरतात. तो या कमिशनला लागू पडत नाही. नियमित कमिशन व्यवसायाच्या उत्पन्नात मोडते, त्यामुळे पेन्शनरांच्या सवयीचे आयटीआर-१ पुरत नाही. करसल्लागाराला आधीच कल्पना दिलेली बरी. एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर बँकेच्या खात्यात परत येतो.