देवमाशांचा हिशेब सांगणारं बेट

आपल्याकडे दिवाळीच्या आसपास थंडीची चाहूल लागते, तेव्हा दक्षिण गोलार्धात वसंत सुरू झालेला असतो. त्याच सुमारास फॉकलंड बेटांवरच्या स्टॅन्ली बंदरातून काही माणसं बोटीत बसतात आणि पूर्वेकडे निघतात. पुढे सुमारे 1,400 किलोमीटर खवळलेला समुद्र आणि चार-पाच दिवसांचा प्रवास. जायचं असतं साउथ जॉर्जिया या ब्रिटनच्या ताब्यातल्या बेटावर. तिथे विमानतळ नाही, झाड नाही, कायमची वस्तीही नाही. डोंगर मात्र जवळजवळ तीन हजार मीटर उंचीचे, आणि निम्म्याहून जास्त जमीन बर्फाखाली. या माणसांना तिथे एक संग्रहालय उघडायचं असतं.

संग्रहालय ग्रिटविकेनला आहे. 1904 मध्ये कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानाने इथे देवमाशांच्या शिकारीचं ठाणं उभारलं. ते साठ वर्षं चाललं आणि 1960च्या दशकाच्या मध्यावर बंद पडलं. ठाण्याच्या व्यवस्थापकासाठी 1916 मध्ये बांधलेल्या लाकडी घरात आज संग्रहालय आहे. साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्ट ही संस्था ते चालवते. कर्मचारी हंगामापुरते येतात. जवळच्या किंग एडवर्ड पॉइंटवर ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे संशोधक आणि मोजके सरकारी अधिकारी राहतात. शेजार म्हणावा तो एवढाच.

बेटावर पाय ठेवण्याआधी तपासणी असते. बुटांचे तळ घासायचे, खिसे उलटे करायचे, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने काढायचं. हा नियम पर्यटकांना तसाच कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, आणि त्यामागे कडू अनुभव आहे. शिकारी जहाजांबरोबर उंदीर-घुशी आल्या आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत राहिल्या. शेवटी याच ट्रस्टने पैसा उभा करून हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकायची मोहीम काढली. 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. इथला पिपिट हा छोटा गाणारा पक्षी जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. तो आता जुन्या जागी पुन्हा घरटी करू लागला आहे.

जहाज येतं त्या दिवशी संग्रहालयात उसंत नसते. एका वेळी किती जणांनी किनाऱ्यावर उतरायचं याला मर्यादा आहे, त्यामुळे लोक तुकड्या-तुकड्यांनी येतात. गंजलेल्या ठाण्यातून त्यांना फिरवून आणायचं, दुकानाचा गल्ला सांभाळायचा, 1913 साली उभारलेल्या लाकडी चर्चमध्ये कुणी ओले बूट घेऊन शिरत नाही ना हे पाहायचं. वाटेत एलिफंट सील आडवे पसरलेले असतात, उंच गवतात फर सील दबा धरून बसलेले असतात आणि ते चावतात. 2023 च्या ऑक्टोबरात बेटावर बर्ड फ्लू पोहोचल्याचं उघड झालं. तेव्हापासून प्राणी-पक्ष्यांपासून लांब राहण्याची दक्षता आणखी कडक झाली आहे.

जहाज नसतं ते दिवस मला जास्त महत्त्वाचे वाटतात. तेव्हा वस्तूंची नोंद होते: हार्पूनची टोकं, चरबी सोलायचे लांब दांड्यांचे सुरे, कामगारांचे कपडे, त्यांनी फावल्या वेळात कोरलेले देवमाशांचे दात. खारी हवा लोखंड खाते, दमटपणा कागद आणि चामडं पोखरतो. लोखंडाचा गंज थोपवायचा, कागद कोरडा ठेवायचा, ही झुंज रोजची.

बहुतेक पाहुणे येतात ते अंटार्क्टिकचा शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन याच्यासाठी. 1916 मध्ये जहाज गमावून एलिफंट आयलंडवर अडकलेल्या त्याच्या तुकडीतले सहा जण, त्यात तो स्वतःही, जेम्स केअर्ड या छोट्या नावेतून हे बेट गाठायला निघाले. बेटावर पोहोचल्यावर शॅकल्टन आणि दोघे साथीदार कुणीही न ओलांडलेले डोंगर पार करून मदत आणायला गेले. ग्रिटविकेनच्या दफनभूमीत त्याची कबर आहे आणि संग्रहालयात त्या नावेची प्रतिकृती. गोष्ट थरारक आहेच. तरी ग्रिटविकेनला आल्यावर आधी ऐकायला हवी ती देवमाशांची गोष्ट, असं माझं ठाम मत आहे.

1904 ते 1965 या काळात साउथ जॉर्जियाच्या ठाण्यांवर सुमारे 1,75,000 देवमासे कापले गेले. मेलेला देवमासा उतरत्या लाकडी फलाटावर ओढायचा, चरबीच्या लांब पट्ट्या सोलायच्या, त्या मोठाल्या कढयांत उकळून तेल काढायचं. सुरुवातीला उरलेलं धूड खाडीत सोडून देत. पुढे मांस आणि हाडंही उकळू लागले. त्या तेलाचं युरोपात मार्गारिन आणि साबण झाला. पहिल्या महायुद्धात त्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं झाली. पोटासाठी घर सोडून आलेले नॉर्वेजियन कामगार क्रूर नव्हते. मागणी जगभरातल्या स्वयंपाकघरांची आणि सैन्यांची होती, म्हणून ही जबाबदारी एकट्या नॉर्वेवर टाकता येत नाही. संग्रहालय कामगारांचं कष्टाचं जगणंही दाखवतं आणि कत्तलीचा आकडाही लपवत नाही. हे दोन्ही एकाच छताखाली मांडायला धैर्य लागतं, आणि म्हणूनच मला या छोट्या घराविषयी मोठा आदर वाटतो.

उन्हाळा हाच तेव्हा शिकारीचा हंगाम होता, आज तोच संग्रहालयाचा हंगाम आहे. अंगाला चरबीचा वास लागलेली माणसं ज्या वाटेने कामाला जात, त्याच वाटेवर आता त्या कामाचा हिशेब सांगितला जातो. आणि देवमासे परतताहेत. दोन दशकं या पाण्यात नील देवमासा जवळपास दिसतच नव्हता. 2020 च्या पाहणीत संशोधकांनी तो 36 वेळा पाहिला, एकूण 55 देवमासे मोजले.

तिथवरचा प्रवास बहुतेकांना परवडणारा नाही, आणि सगळ्यांनी तिथे जावं असंही मी म्हणणार नाही. त्या बेटाला गर्दी सोसणार नाही. संग्रहालयाने आपल्या अनेक वस्तू छायाचित्रांसह संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. एखाद्या रविवारी मुलांना जवळ घेऊन त्या पाहा. शॅकल्टनकडे जाण्याआधी चरबी सोलायच्या सुऱ्यांपाशी थांबा, आणि ते कशासाठी वापरले गेले हे मुलांना सांगा.