भीमगडचे अरण्य

अरण्य म्हटले की आम्हां बेळगावकरांस दूरदूरची नावे आठवतात. परंतु आपल्याच खानापूर तालुक्यात सह्याद्रीचे एक घनदाट रान उभे आहे, याचा विसर पडतो.

शिवकालीन भीमगड किल्ल्यावरून या रानास नाव मिळाले. २०११ साली सुमारे १९० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला. गवे, सांबर, अस्वले, बिबटे आणि शेकरू येथे वावरतात. येथेच उगम पावणारी म्हादई पश्चिमेस जाऊन गोव्यात मांडवी होते. तर जवळच्या कणकुंबीस उगम पावलेली मलप्रभा पूर्वेस कृष्णेला मिळते. या रानाचे पाणी असे दोन्ही समुद्रांस पोचते.

येथील बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते. थॉमस या शास्त्रज्ञाने १९१३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक दशके जगात त्याचे हेच एक ज्ञात घर होते. नंतर ते मेघालयात व कंबोडियातही आढळले. मोठे कान असलेला हा कीटकभक्षी जीव निरुपद्रवी आहे; मात्र गुहेत गोंगाट वा धूर झाल्यास त्याचा आसरा जातो. कायद्याने त्यास संरक्षण आहेच.

रानात माणसेही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. भर पावसात तेथील आजाऱ्यास खांद्यावरून वाहून आणण्याचे प्रसंग गुदरले आहेत. रान राखावे, तसे त्यांचे हालही निवारावेत. दोहोंपैकी एकाचा विसर पडला, तर भीमगड आम्हांस समजला असे म्हणता येणार नाही.