सुंदर वायरिंगचा त्रास

संपादकांना हवा होता ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’वर लेख. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. 1995 पासून ती चालू आहे आणि फोटोंना तोटा नाही. माझं लक्ष मात्र बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या गाड्यांकडे गेलं. त्यातल्या काहींच्या इंजिनावर कार्बोरेटर नव्हताच. त्या जागी तसाच दिसणारा, पण अंगातून वायरींचा जुडगा निघालेला ॲल्युमिनियमचा ठोकळा होता. पन्नास वर्षांच्या गाडीत काल-परवाचा कॉम्प्युटर, आणि तरी गाडी बंद! संपादकांना फोन करून विषय बदलून घेतला.

या ठोकळ्याला इथे ‘ईएफआय किट’ म्हणतात; ईएफआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन. कार्बोरेटरचे चार बोल्ट काढायचे आणि त्याच भोकांवर हा बसवायचा. आत इंजेक्टर, हवेचा दाब मोजणारा सेन्सर आणि कॉम्प्युटर. सायलेन्सरच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर ठोकायचा; तो जळालेल्या धुरावरून पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय ते सांगतो आणि कॉम्प्युटर स्वतःच शिकत जातो. जाहिरातीत एवढंच असतं, आणि त्यात खोटं काही नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात गंमत आहे. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने 1950च्या दशकात ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन काढलं. 1958 साली क्रायस्लरने ते आपल्या मोजक्या गाड्यांना बसवलं. ते इतकं रडलं, की बहुतेक गाड्यांवरून उतरवून पुन्हा कार्बोरेटर चढवावे लागले. पेटंट जर्मनीच्या बॉशकडे गेली आणि 1967 साली फोक्सवॅगन 1600 मध्ये तीच कल्पना नीट चालली. आज इथले हौशी लोक क्रायस्लरच्या त्या कारागिरांच्या नेमकं उलटं काम करतात, आणि पदरी तेच रडगाणं पडतं.

डेट्रॉइटबाहेर, यिप्सिलांटी गावाजवळच्या एका छोट्या गॅरेजमध्ये मला हे रडगाणं ऐकणारा माणूस भेटला. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी नौदलात रेडिओ दुरुस्त करायचा. नाव छापू नकोस म्हणाला, “नाहीतर सगळे माझ्याच दारात येतील.” मी गेलो तेव्हा समोर 1972ची शेव्हरोले सी-10 पिकअप होती, 350 घनइंची इंजिनाची. तिचे मालक निघाले कोल्हापूरचे. गाड्यांच्या कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणू लागलो.

“कार्बोरेटर होता तेव्हा थंडीत सेल्फ मारून मारून जीव जायचा,” काका म्हणाले, “पण रस्त्यात एकदाही सोडलं नाही हिने. आता पहिल्या सेल्फला सुरू होते आणि मनात येईल तेव्हा बंद पडते. पंधरा दिवस काही नाही, मग एका दिवसात तीनदा.”

म्हाताऱ्याने लॅपटॉपला हात लावला नाही. एकच विचारलं: बंद पडते म्हणजे कशी पडते? दिवा मालवावा तशी, की खोकत, गचके खात?

काका जरा थांबून म्हणाले, “दोन्ही.”

“मग रोग दोन आहेत,” तो म्हणाला. तडकाफडकी बंद पडली तर करंट, दम तोडत पडली तर पेट्रोल. या एका प्रश्नावर त्याचं निम्मं काम चालतं.

आधी करंट. त्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवली आणि काकांना सेल्फ मारायला लावला. काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा होता. तो एक व्होल्टच्या वर गेला. म्हणजे अर्थिंग कमकुवत. कारण सापडलं तेव्हा काकांचा चेहरा पडला. त्यांनी इंजिन उतरवून हौसेने केशरी रंग मारून घेतला होता, आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच कसली होती. रंगातून करंट जात नाही. कार्बोरेटरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पाच व्होल्टच्या सेन्सरवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला मात्र चुकीच्या बातम्या मिळत होत्या.

मग त्याने खिशातून एक छोटा ट्रान्झिस्टर काढला आणि मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला. इंजिन चालू ठेवून तो रेडिओ वायरींवरून हळूहळू फिरवू लागला. दूरदर्शनच्या काळात गल्लीतून स्कूटर गेली की पडद्यावर रेघा उमटायच्या, ते आठवा. प्लगची ठिणगी स्वतःच एक लहानसं प्रक्षेपण केंद्र असते. डिस्ट्रिब्युटरच्या मागे एका जागी रेडिओ असा कडकडला, की मी मागे सरकलो. तिथे काकांनी कॉम्प्युटरची वायर आणि प्लगच्या वायरी एकाच काळ्या नळीत घालून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून, प्रदर्शनात ठेवावं असं सुबक काम केलं होतं. प्लगच्या वायरीही रेसिंगच्या, सरळ तांब्याच्या. अशा वायरींत रेडिओचा खरखराट दाबणारा रोधच नसतो.

ही जागा इतकी नाजूक का, ते आकड्यांत पाहिलं की कळतं. इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांवर आयडल होत असेल तर आठ सिलिंडरांत मिळून सेकंदाला 50 ठिणग्या पडतात. दोन ठिणग्यांत 20 मिलिसेकंदांचं अंतर. तेवढ्यावरून कॉम्प्युटर इंजिनाचा वेग ओळखतो आणि पेट्रोल सोडतो. शेजारच्या वायरीतल्या हजारो व्होल्टच्या ठिणगीचा एखादा शिंतोडा या वायरीत उडाला, की कॉम्प्युटरला मधेच एक खोटी ठिणगी दिसते. हिशोब बिघडला की तो क्षणभर पेट्रोल तोडतो. गाडी वेगात असेल तर चाकंच इंजिन फिरवत राहतात आणि बारीकसा झटका जाणवतो, बस. सिग्नलला आयडलवर असेल तर इंजिन जागीच मरतं. नंतर लॅपटॉपवरच्या नोंदीत हेच दिसलं: एका ओळीत 740, पुढच्यात चार हजारांच्या वर, त्याच्या पुढच्यात शून्य.

रंग खरवडला, अर्थची नवी पट्टी टाकली, वायरी सोडवून लांब नेल्या, प्लगला रोधाच्या वायरी लावल्या. कॉम्प्युटरच्या प्लस-मायनस थेट बॅटरीवर घेतल्या. रेडिओ गप्प झाला. बॉनेटखालचा देखणेपणा गेला. काकांना ते लागलं, हेही सांगायला हवं.

इथे लेख संपेल असं मला वाटलं होतं. पण दुसरा रोग बाकी होता, आणि त्याने सगळ्यांचा अंत पाहिला.

ड्रीम क्रूझच्या रांगेत, उन्हात, तासभर मुंगीच्या चालीने गेल्यावर गाडी खोकत बंद पडे. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये आणली की शहाण्यासारखी चाले. किटच्या पंपाला सुमारे 58 पीएसआय दाब द्यावा लागतो; कार्बोरेटरच्या पंपाला सहा-सात पुरत. पंप ताशी अडीचशे लिटरच्या आसपास पेट्रोल फिरवतो आणि आयडलला इंजिन पितं जेमतेम दोन-तीन लिटर. उरलेलं सगळं तापलेल्या इंजिनाला वळसा घालून टाकीत परत. 1972च्या या पिकअपची टाकी आहे ड्रायव्हरच्या सीटमागे, केबिनमध्ये! तासभरात तीच तापते, इथलं दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल लवकर वाफाळतं आणि पंपाच्या तोंडाशी वाफ आली की दाब कोसळतो. त्यात टाकीला आतून आडव्या भिंती नाहीत. पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेलं की वळणावर ते एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत चार घोट शिल्लक असायचे, तेवढ्यावर वळण निघून जायचं. इथे तशी शिल्लक नाही.

उपाय म्हाताऱ्याने स्वच्छ सांगितला: टाकी मागच्या हौद्याखाली न्यायची, आतून भिंती असलेली, पंप पेट्रोलात बुडालेला. पाठीमागे पेट्रोल घेऊन बसणंही टळेल. खर्च किटपेक्षा जास्त. काकांना गाडी मुळाबरहुकूम हवी आहे. तूर्त ते टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाहीत आणि उन्हाच्या रांगा टाळतात.

मला काळजी दुसरी वाटली. रेडिओ घेऊन वायरी हुंगणं म्हाताऱ्याच्या बिलात दिसत नाही. त्यात नवी पट्टी, वायरी आणि थोडी मजुरी होती. गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देतं, शोधायला लागलेल्या वेळाचे देताना कां-कूं करतं. हाताखाली पोरगा नाही. किट विकणाऱ्यांची मदतवाहिनी आहे, पण फोनवरून अर्थिंग मोजता येत नाही.

तेव्हा किट घेऊ पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की किमान किटच्या किमतीइतकी रक्कम टाकी, पंप आणि वायरिंगसाठी वेगळी काढा आणि बसवण्याआधी मीटर लावून अर्थिंग तपासा. तेवढं जमणार नसेल, तर चांगल्या माणसाकडून कार्बोरेटर उघडून साफ करून घ्या. रोजच्या गाडीला तो पुरेल.