कयाकचे वल्हे का मोडते?

कयाक ही बहुधा एकट्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. तिला शीड नसते, इंजिन नसते. दोन्ही टोकांना पाती असलेले, सव्वादोन मीटरच्या आसपास लांबीचे वल्हे हाच तिचा सारा आधार. होडी उलटली तर आत बसल्या बसल्या पुन्हा सरळ होण्यासाठीही बहुतेकांना वल्हेच लागते. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असताना ते मोडले, तर होडी खोल पाण्याकडे ओढली जाते आणि परतीचा मार्ग उरत नाही.

नुसत्या वल्हवण्याच्या जोराने मात्र चांगले वल्हे क्वचितच मोडते. ते मोडते खडकांच्या फटीत पाते अडकल्यावर, होडी ढकलण्यासाठी त्याचा पहारीसारखा वापर केल्यावर, नाहीतर होडीत चढताना त्यावर सारे अंग टाकल्यावर. गाडीच्या दारात चेमटलेली वल्हीही कमी नसावीत!

नेआण सोपी व्हावी म्हणून अनेक वल्ह्यांचा दांडा मध्यभागी जोडलेला असतो. जोडाला बसवलेल्या खटक्यासाठी दांड्याला भोक पाडावे लागते आणि तेथेच ताण एकवटतो. जोड सैल झाला की प्रत्येक फटक्यागणिक भोकाची कड झिजत जाते. खडकाळ, वेगवान नद्यांत उतरणारे अखंड दांड्याचे वल्हे पसंत करतात, ते यामुळेच.

वल्हे कशाचे आहे, यावर ते कसे मोडणार हे ठरते. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा स्वस्त, पण जड. तो बहुधा आधी वाकतो. खारे पाणी व वाळू जोडात शिरली की दोन्ही भाग एकमेकांत घट्ट बसतात. प्लास्टिकची पाती ठोकर सोसतात, परंतु वर्षानुवर्षांच्या उन्हाने ठिसूळ होतात. फायबरग्लासवर मार बसला की तेथे पांढरट डाग उमटतो, म्हणजे निदान इशारा तरी मिळतो. सर्वात महाग आणि सर्वात हलक्या कार्बन फायबरची गोष्ट वेगळी. वल्हवताना पडणारा भार ते उत्तम पेलते. पण टोकदार दगडाचा एकच घाव आतले थर सुटे करू शकतो आणि काळ्या पृष्ठभागावर त्याचा मागमूस दिसत नाही. पुढे एखाद्या साध्या फटक्याला दांडा अचानक तुटतो. संशय आल्यास नाण्याने हलकेच ठोकून पाहावे. खणखणीत नादाच्या जागी बद्द आवाज आला, तर ते वल्हे समुद्रात नेऊ नये. नवशिक्याने महाग कार्बनच्या मोहात न पडलेलेच बरे.

ग्रीनलँडच्या इन्युइट शिकाऱ्यांना हा प्रश्न जुनाच. तेथे मोठी झाडे नसल्याने ते समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाची अरुंद पात्यांची वल्ही करीत आणि लवकर झिजणाऱ्या, चिरणाऱ्या टोकांना हाडाची किंवा हस्तिदंतासारख्या सुळ्यांची पट्टी जडवीत. आजचे सागरी कयाकपटू दोन तुकड्यांचे दुसरे वल्हे होडीच्या पाठीवर रबरी दोऱ्यांखाली अडकवून ठेवतात. ते होडीच्या पोटात ठेवून उपयोग नाही. भर लाटांत झाकण उघडता येत नाही.