ज्वारीच्या भाकरीचे पचन

ज्वारी पचायला सोपी करण्याचे काम काठवटीतच सुरू होते. या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून ते कढत पाण्यात मळावे लागते. त्या उष्णतेने आणि पुढे तव्यावर स्टार्चचे घट्ट कण फुगून फुटतात व पाचकरसांना आत शिरायला वाट मिळते. मात्र स्टार्चभोवती असलेले कॅफिरिन या प्रथिनाचे जाळे शिजल्यावर उलट अधिक घट्ट होते. बदनापूरकडची दगडी ज्वारी असो वा दुसरी कोणती, भाकरी खाल्ल्यावर लवकर भूक लागत नाही याचे हे एक कारण.

चावताना लाळेतील अमायलेज स्टार्च तोडू लागते. घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो त्यातून सुटलेल्या माल्टोजमुळे. वरणात कुस्करून भराभर गिळली तर हे काम पुढे ढकलले जाते, टळत नाही. जठरातील आम्लात अमायलेज निकामी होते आणि पेप्सिन प्रथिनांना हात घालते.

पचनाचा मोठा भाग सुमारे 6 मीटर लांबीच्या लहान आतड्यात उरकतो. तेथे स्वादुपिंडाचा रस व पित्त मिसळते. स्टार्चचे ग्लुकोज होते आणि ते सोडियमच्या जोडीने पेशींत शिरते. जुलाबात साखर आणि मीठ एकत्र देतात ते यासाठीच. प्रथिनांची अमिनो आम्ले होतात. ज्वारीत लायसिन कमी, ती उणीव तुरीचे वरण भरून काढते. ग्लुकोज व अमिनो आम्ले रक्तातून थेट यकृताकडे जातात. चटणीवरचे तेल मात्र आधी लसिकावाहिन्यांत उतरते.

लोहाचे गणित निराळे आहे. ज्वारीतील फायटेट लोहाला धरून ठेवते, जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात भर घालतो. ताटात लोह आहे म्हणून ते रक्तात पोचतेच असे नाही. जेवणासोबत जालन्याची मोसंबी खाल्ली, तर तिच्यातील क जीवनसत्त्व लोहाला शोषण्याजोग्या रूपात ठेवते. तीच मोसंबी दुपारी चारला खाल्ली, तर सकाळच्या भाकरीतील लोहाला तिचा उपयोग नाही.

कोंडा आणि न पचलेले स्टार्च मोठ्या आतड्यात येते. तेथील जिवाणू ते आंबवून लहान मेदाम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यांवरच पोसतात. पीठ बारीक चाळून कोंडा काढला, तर जिवाणूंच्या वाट्याला कमी येते. राहिलेले पाणी येथे शोषले जाते व उरलेला चोथा साधारण एक ते तीन दिवसांत बाहेर पडतो.