अनारशावरची खसखस आणि परका कायदा

रत्नागिरी जिल्ह्यातून आखातात नोकरीला जाणारी मंडळी थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या घरचे मला विचारतात, "वकीलसाहेब, मुलाबरोबर अनारसे द्यावेत का?" आता, अनारशावर खसखस आली. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती अमली पदार्थांत मोडते, आणायला बंदी आहे.

मग एखाद्याने रत्नागिरीत बसून खसखस विकली, तर त्याला तिकडे पाठवतील का? नाही. प्रत्यार्पणासाठी साधारणपणे ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावे लागते. पण हे संरक्षण इथे असेपर्यंतच. दुबईच्या विमानतळावर पिशवी उघडली, की प्रत्यार्पणाचा प्रश्नच उरत नाही. माणूस त्यांच्या हद्दीत उभा असतो. "आमच्याकडे चालते" हा तिथे बचाव नव्हे.

जहाजावरच्या मुलांनाही हेच सांगतो. गांजा आपल्याकडेही गुन्हाच, पण २० किलोंच्या वर गेला तर 'व्यापारी प्रमाण' ठरतो. सिंगापूरच्या कायद्यात ५०० ग्रॅमच्या वर तस्करीला फाशी आहे.

शिक्षा झालीच, तर आपल्या २००३ च्या कायद्याने उरलेली शिक्षा भोगायला कैदी मायदेशी आणता येतो. मात्र त्या देशाशी करार हवा आणि दोन्ही सरकारांची संमतीही.

अनारसे द्यायचेच असतील, तर तीळ लावून द्या.