तिजोरीच्या दोन किल्ल्या

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ साली, राज्यातल्या नगरपालिकांचे मतदान बहुतेक ठिकाणी २ तारखेला झाले. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ तारखेवर गेली. मतदानयंत्रे अडीच आठवडे कुलपात बसून राहिली आणि वरणगावच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय उरला नाही.

"भाऊ, तुम्ही बँकेतले. अशा खोलीला किल्ल्या किती लागतात?" एकाने मला विचारले.

बँकेच्या तिजोरीला दोन असतात. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याने ती उघडत नाही. "यात अविश्वास नाही बरं का," असे मी नव्या पोरांना सांगत असे. खरे तर अविश्वासच असतो. तो कोणा एकावर नसतो, म्हणून कोणाला लागत नाही, एवढेच.

बाकावर ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "आमच्याकडे भरल्या काडतुसाइतकाच रिकाम्या केसचाही हिशेब लागायचा." मग सगळेच जरा गप्प झाले.

यंत्राचा वाद नवा नाही. १९८२ साली केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरले गेले. गंमत पाहा: शिवन पिल्लै यांनी मतदानाआधीच यंत्राविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती, आणि १२३ मतांनी तेच निवडून आले! मग हरलेले ए. सी. जोस कोर्टात गेले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकांनी पुन्हा मतदान झाले आणि जोस जिंकले. संसदेने १९८८ साली कायदा दुरुस्त केला, तेव्हा कुठे यंत्राला कायद्याचा आधार मिळाला.

पुढे कागदही परत आला. मतदाराला कागदाचा माग दिसणे अत्यावश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले. म्हणून लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राशी जुळवून पाहतात. सगळ्याच मोजा, ही मागणी न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये फेटाळली. मात्र हरलेल्या पहिल्या दोघा उमेदवारांना ५ टक्के यंत्रे तपासून मागण्याचा हक्क दिला. आमच्या नगरपालिकेला तर ती चिठ्ठीही नव्हती.

त्याच वर्षी माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी गाजले. तालुक्यात उत्तम जानकर निवडून आले, पण गावात त्यांना ८४३ आणि राम सातपुते यांना १००३ मते पडल्याचे यंत्राने सांगितले. गावातल्या जानकर समर्थकांना ते पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच्या मतपत्रिकांवर मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, बेत रद्द झाला. कायद्याने प्रशासनाचे बरोबर असेल. निवडणूक घेण्याचा अधिकार गावाला नाही. पण गावाची शंका होती तिथेच राहिली. यंत्रात खोट असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. मला सलते ते वेगळे.

२० डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने १९६१च्या निवडणूक नियमांतला ९३वा नियम बदलला. पूर्वी निवडणुकीची 'इतर सर्व कागदपत्रे' नागरिकाला पाहता येत. आता नियमांत नमूद केलेलीच कागदपत्रे पाहता येतात; मतदान केंद्रातले चित्रीकरण त्यातून वगळले गेले. काही दिवस आधीच पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने एका वकिलाला असे चित्रीकरण द्यायला सांगितले होते. मतदाराची गुप्तता आणि चित्रफितींचा गैरवापर ही आयोगाची कारणे. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०२५मध्ये आयोगाने कळवले की निवडणूक याचिका नसेल तर चित्रीकरण ४५ दिवसांनी नष्ट करावे. याचिकेची मुदतही तेवढीच, म्हणून हिशेब बरोबर दिसतो. पण याचिका करायला आधी काही हाती लागायला नको का? गुप्ततेचा मुद्दा मला मान्य आहे. त्यासाठी चेहरे झाका, पेटीच बंद कशाला?

आमच्या शाखेत नव्वदच्या दशकात लेजरे जाऊन संगणक आला, तेव्हा एक केळीवाले आप्पा पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी आले. "साहेब, व्याज कमी पडलं," म्हणाले. यंत्र चुकत नाही, असे मी त्यांना दोनदा सांगितले. ते हलेनात. शेवटी वैतागून मी जुने लेजर काढायला लावले आणि दोघांनी मिळून नोंदी लावल्या. व्याज बरोबर होते. आप्पांनी चष्मा खिशात ठेवला, "मग ठीक," म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी केळीचे पैसे घेऊन भरणा करायला हजर.